तालमीची वही आणि विषम आकडे

माझा भाचा कोल्हापुरातल्या एका तालमीत जातो आणि वस्तादांच्या सांगण्यावरून तिथल्या सरावाच्या लढतींची वही ठेवतो. वहीत प्रत्येक पैलवानाचे एक पान आहे. हौद्यात लढत झाली की दोघांच्याही पानांवर तारीख आणि समोरच्याचे नाव लिहायचे, एवढाच नियम. गेल्या महिन्याचा हिशेब करून तो घरी आला आणि म्हणाला, "मामा, ११ जणांपैकी ५ जणांच्या लढती विषम भरल्या." वही न उघडताच मी त्याला सांगितले, की नोंदीत कुठेतरी चूक आहे.

त्याला ते पटेना, आणि कारण कळेपर्यंत पटू नये हेच योग्य. प्रत्येक लढत दोन पानांवर उतरते, म्हणून सगळ्या पानांवरील नोंदींची बेरीज लढतींच्या संख्येच्या दुप्पट, म्हणजे समच, असली पाहिजे. आता सम संख्या कितीही मिळवल्या तरी बेरीज समच राहते. विषम संख्या मात्र २क + १ अशा रूपाची असते आणि २क + १ व २ख + १ यांची बेरीज २(क + ख + १) होते, म्हणजे दोघींचे उरलेले एक एकमेकांना भेटून जोडी लावतात. ५ विषम आकड्यांत अशा दोन जोड्या लागतात, पाचवा एकटा पडतो आणि एकूण बेरीज विषम होते, जे शक्यच नाही. लढती २० असोत की २० लाख, युक्तिवाद तोच. उदाहरणांची रास रचून "नेहमी" हा शब्द कधीच सिद्ध होत नाही. तो असा व्याख्येतूनच मिळवावा लागतो.

गणितज्ञ ऑयलरने १७३५ मध्ये क्योनिग्सबर्ग शहरातल्या ७ पुलांचा प्रश्न (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील का?) सोडवताना हीच मोजणी वापरली होती. तिथल्या ४ भूभागांना अनुक्रमे ५, ३, ३ आणि ३ पूल जोडलेले होते. बेरीज १४, म्हणजे ७ ची दुप्पट.

आम्ही वही उघडली. नोंदींची बेरीज ४७ होती. एका धाकट्या पैलवानाच्या पानावर एक लढत चढवायची राहिली होती. ती लिहिताच त्याच्या ४ च्या ५ झाल्या, बेरीज ४८ झाली आणि विषम आकडेवाले ६ झाले. "म्हणजे आता वही बरोबर!" असे भाचा आनंदाने म्हणाला, आणि मला त्याला थांबवावे लागले. वही बरोबर असेल तर विषम आकडेवाल्यांची संख्या सम असते, हे खरे. पण ती सम आहे म्हणून वही बरोबर आहे, असे त्यातून निघत नाही. विधान आणि त्याचा व्यत्यास यांतला हा फरक शाळेत आपण पाठ करतो आणि व्यवहारात सर्रास विसरतो, याची मला मनापासून खंत वाटते.

मग आम्ही एकेक लढत दोन्ही पानांवर ताडून पाहिली. एका पैलवानाची नोंद चुकून शेजारच्या पानावर गेलेली सापडली. तिने बेरीज ४८ च ठेवली होती.