तुम्ही विचारलंत म्हणून: गूळ तरी चालेल ना?

बारसं असो, हळदीकुंकू असो, लेकाला घेऊन गेले की कुणीतरी म्हणतंच, "साखर नको तर गूळ तरी दे की गं थोडा!" नाही, गूळही नाही. त्याला मधुमेह नाही आणि मी कसलं खूळही घेतलेलं नाही.

साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी बांधलेली असते. लहान आतड्याच्या अस्तरावरचं सुक्रेज नावाचं विकर ती गाठ सोडवतं, मगच साखर रक्तात जाते. माझ्या मुलात हे विकर जन्मापासून जवळजवळ नाही. न सुटलेली साखर पाणी ओढत मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जंतू तिला आंबवतात. पोट टम्म फुगतं, आंबूस वासाचे जुलाब लागतात. गुळातही मुख्यतः हीच जोडी. दुधातली साखर वेगळी, तिचं विकर त्याच्याकडे आहे. म्हणून अंगावर पीत होता तोवर गुटगुटीत होता.

नाचणीच्या सत्त्वात गूळ घालायला लागले आणि जुलाब सुरू झाले. "दात येतायत," सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

मी अंगणवाडी सेविका. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, हे पाच वर्षं आयांना शिकवत होते. त्याच्या आठव्या महिन्यात एका रात्री तेच पाणी वाटी-चमच्याने पाजत बसले. एक लंगोट बदलावा तोवर दुसरा भिजलेला. वाटलं, पाणी कमी पडतंय. आणखी पाजलं. पहाटे टाळू खोल गेली होती. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर तशीच उभी राहिली. तालुक्याला सलाईन लावलं, तोंडाने सगळं बंद केलं, तेव्हा जुलाब थांबले. घरी आलो, पुन्हा सुरू. शौचाच्या तपासणीत साखर आली नाही, कारण नेहमीच्या चाचणीत सुक्रोज, म्हणजे ही जोडीची साखर, सापडतच नाही. निदानाला आणखी चार महिने गेले, आणि तोवर मी गूळ घालतच होते.

मला कसं कळणार होतं? डॉक्टरांनाही कळलं नव्हतं. पण तिसऱ्या वाटीला तरी हात थांबायला हवा होता. ओआरएसची पाकिटं कपाटात होती. त्यात ग्लुकोज असतं, ते त्याला पचलं असतं. गावच्या मुलांसाठी आलेली म्हणून मी त्यांना हात लावला नाही. याला प्रामाणिकपणा म्हणावं की आणखी काही, मला अजून ठरवता येत नाही.

आता तो सहा वर्षांचा आहे. दूध पितो, द्राक्षं खातो, आंबा नाही. भात हळूहळू पचायला लागलाय.

साखर-मिठाचं पाणी मी आजही शिकवते. बहुतेक लेकरांना ते तारतंच. फक्त आता पुढे सांगते, पाजूनही जुलाब वाढत गेले तर पाकिटातलं ओआरएस द्या आणि लगेच दवाखाना गाठा. मागच्या महिन्यात एक आजी म्हणाल्या, "ताई, आधी नव्हतात असं सांगत."