मौखिक परीक्षेचा दिवस

आज दुपारी शिक्षणशास्त्रातील माझ्या पीएच.डी. प्रबंधाची मौखिक परीक्षा पार पडली. परतताना ठाणे स्थानकावर उतरून थेट घरी न जाता मी तलावपाळीच्या काठावर बराच वेळ बसून राहिले.

माझा विषय होता शहापूर-मुरबाडकडील कातकरी कुटुंबांचे स्थलांतर आणि त्यांच्या मुलांचे शिक्षण. दिवाळीनंतर ही कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर पाड्यावर परततात, त्यामुळे मुलांचे शाळेचे दुसरे सत्र जवळजवळ पूर्णच बुडते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दाखला मिळण्यास उशीर झाला या कारणावरून दुसऱ्या शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. मग मूल शाळेबाहेर का राहते, असे परीक्षकांनी विचारले, तेव्हा मला भट्टीवरची ती आठ-नऊ वर्षांची मुलगी आठवली, जी आईवडील विटा पाडत असताना दिवसभर धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेली असे. तिला प्रवेशाची अडचण नव्हतीच. भावाला सोडून जायला जागा नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, ती याच जाणिवेतून, असे मी उत्तरात सांगितले आणि सांगताना माझा आवाज भरून आला.

ती मुलगी आता पाड्यावर आहे. प्रबंधाची एक प्रत घेऊन रविवारी मी तिच्या आईला भेटायला जाणार आहे.