शीग

दुपारी तेलाची पिशवी बरणीत रिकामी करत होते. शेवटचा थेंब निथळेपर्यंत ती उलटी धरून उभं राहायचं, म्हणजे वाचायला समोर तीच. '१ लिटर', आणि शेजारी '९१० ग्रॅम'. तेल पाण्यापेक्षा हलकं, हे शाळेत शिकलोय. पण मागे काही पिशव्यांवर लिटरसोबत '६० अंश सेल्सिअस' असंही छापलेलं असायचं. तापलेलं तेल फुगतं, मग तेवढ्याच लिटरला कमी तेल पुरतं. सोयाबीनचं लिटरभर तेल २१ अंशाला ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशाला ८९३ च्या आसपास. शेवटी २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने बजावलं, की तापमान न लिहिता माप आणि वजन दोन्ही छापा. अहो, ६० अंशाचं तेल फक्त कढईत असतं, आणि तिथेही क्षणभरच.

माप आणि वजन यांचं तसं कधी पटलेलंच नाही. आजोळी ज्वारी मापानेच मोजत. ओसरीवर रास पडायची, मापारी पायली भरून घ्यायचा आणि पहिल्या पायलीला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचा. लाभ, मग दोन, मग तीन. आम्ही पोरं चिंचोकेसुद्धा तसेच मोजायचो. पण खरी मजा शिगेची. काठाच्या वर दाणे आपल्या अंगाने जेवढे उभे राहतील तेवढे राहू द्यायचे. घेणाऱ्याची नजर शिगेवर, देणाऱ्याचा तळवा काठाशी. मजुरीचं धान्य घालताना आजी मात्र शीग मोडू द्यायची नाही. मापाऱ्याचा हात जरा आडवा फिरला की आतून खाकरायची.

पायलीचे चार शेर, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी. हा झाला मापी शेर. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम, त्याचं गोत वेगळं. दोघांचं नाव एकच, त्यामुळे भांडणाला कायम वाव. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आले आणि तराजूतला शेर गेला. आजीचं चिपटं तांदळाच्या डब्यात होतं, तिथेच राहिलं.

माझ्याकडे चिपट्याच्या जागी वाटी आहे. स्टीलची, कडेला पोचा आलेली. तिच्यात कुणी चटणी काढली की माझं डोकं फिरतं. ती मापाची वाटी आहे! घरातले म्हणतात, सगळ्या वाट्या सारख्याच. त्यांचंही खरं आहे म्हणा. उकडीला वाटीभर पिठी आणि वाटीभर पाणी. वाटी कुठलीही घ्या, उकड बिघडत नाही. वाटीला वाटीशी जुळायचं असतं, ग्रॅमशी नाही. घोळ होतो तो 'तीन वाट्या मैदा, १०० ग्रॅम लोणी' अशी सरमिसळ असली की. माझ्या वाटीत पाणी २०० ग्रॅम मावतं, तांदूळ १६० च्या आसपास आणि कणीक चाळून भुरभुरली तर जेमतेम शंभर. तीच दाबून भरली तर कितीही. परदेशी कृतींमध्ये कप असतो, तोही अमेरिकेत २४० मिलीचा, ऑस्ट्रेलियात २५० चा आणि जपानात २०० चा. त्यांच्याकडेही कुणीतरी कपावरून डोकं फिरवून घेत असणारच.

संध्याकाळी भाजणीचं सामान सांगायला वाण्याला फोन लावला. तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक...

"ताई, किलोत सांगा."

"सगळंच एकेक किलो टाका."

उरेल बरंच. डाळींची आमटी होईल, आणि तांदूळ काय, ते कधी उरत नाहीत.