मोकळं, खुलं, उघडं

आज मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "मोकळेपणाने बोला." आणि खोलीत अशी शांतता पसरली की पंख्याची करकर ऐकू यायला लागली. शेजारची सहकारी पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. टक. टक. मीही वहीत उगाच चौकोन काढत बसलो.

घरी येताना त्या शब्दातच अडकलो. 'ओपन'ला मराठीत एक शब्द नाहीच. दार उघडं असतं, मैदान खुलं असतं, मन मोकळं. जरा अदलाबदल करून बघा: 'त्याच्यापाशी मोकळा झालो' आणि 'त्याच्यापुढे उघडा पडलो'. पहिल्यात हलकं वाटतं, दुसऱ्यात पांघरूण शोधावंसं वाटतं. साहेबांनी पहिलं मागितलं, आम्हाला दुसरं ऐकू आलं. ('बोलून मोकळा झालो' म्हणजे तर विषयच संपवला!)

संगणकवाल्यांचा खुलेपणा आणखी निराळा. 'ओपन सोर्स' हे नाव रूढ झालं १९९८ पासून. तिथे प्रोग्रॅमचा कोड नुसता बघायला मिळून भागत नाही. तो बदलायची आणि पुढे वाटायचीही मुभा लागते. काचेचं दार आणि उघडं दार यांत असतो तेवढा फरक. आमच्या साहेबांची केबिन काचेची आहे, हे आपलं जाता जाता.

रात्री त्याच सहकारीचा फोन. चाळीस मिनिटं आम्ही तेच बोललो, जे सकाळी बोलायचं होतं.

"मग तिथे का नाही बोललास?"

"तू टोपण लावलंस ना, म्हणून."