डब्यावरचं नाव

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या इमारतीत दुपारी तीनच्या सुमाराला मोबाइलला रेंज येते ती गॅलरीच्या एकाच कोपऱ्यात, तुळशीच्या कुंडीपाशी. त्या कुंडीला टेकवून ठेवलेला एक फोन, आणि फोनमध्ये शेजारच्या काकूंचा भाकरवडीचा अकरा मिनिटांचा व्हिडिओ. तो चॅटबॉटला द्यायचा आणि बसल्या जागी कृती लिहून घ्यायची, एवढाच बेत. चक्र फिरतं, फिरतं, आणि लाल अक्षरं येतात: अपलोड होऊ शकलं नाही. "का ते सांगेल तर शपथ," काकू म्हणतात.

सांगत नाहीच. पण कुठे अडलं ते दिसतं, आणि निम्मं निदान तिथेच होतं. व्हिडिओ निवडल्या-निवडल्या नकार आला तर भांडण दारातच आहे: फाइल फार जड, फार लांब, किंवा तो प्रकारच चालत नाही. मध्येच अडलं तर रस्त्यात, म्हणजे नेटवर्क किंवा झोपी गेलेला फोन. पूर्ण पोचून 'प्रोसेसिंग'वर रेंगाळलं आणि मग पडलं, तर डबा घरात आलाय, झाकण उघडत नाही.

दारातल्या भांडणात सगळे एमबी बघतात आणि मिनिटं बघायची विसरतात. आयफोनवर फोर-के म्हणजे अतिस्पष्ट, सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम), असं चित्रण मिनिटाला साधारण १७० एमबी खातं. अकरा मिनिटांचे झाले १८७०. गूगलचा चॅटबॉट जेमिनाय, त्याच्या ॲपचंच उदाहरण घ्या. हे लिहिताना तिथे एका व्हिडिओला २ जीबीपर्यंत परवानगी आहे, म्हणजे वजनात बसला. पण फुकट वापरणाऱ्याला व्हिडिओची एकूण लांबी ५ मिनिटंच मिळते. तासाभराची मुभा पैसे भरणाऱ्याला. तेव्हा वजन उतरवण्यात दुपार घालवून काही होत नाही, कात्रीच लावावी लागते.

रस्त्याचा हिशेब तर आणखी फसवा. नेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात. आठ बिटांचा एक बाइट. अपलोडला ५ एमबीपीएस मिळत असेल तर १८७० एमबीला जवळजवळ पन्नास मिनिटं लागतात. डाउनलोडचा भलामोठा आकडा इथे कामाचा नाही, मोबाइलवर वर जायची वाट बहुतेकदा अरुंदच. आणि त्या पन्नास मिनिटांत स्क्रीन तिसाव्या सेकंदाला मिटते, बॅटरी सेव्हर मागे चाललेली कामं थांबवतो, गॅलरीतून आत आलं की फोन डेटा सोडून वायफाय पकडतो आणि चालू जोडणी तुटते. म्हणून स्क्रीन मिटायची वेळ वाढवावी, व्हीपीएन बंद करावा, ॲप उघडं ठेवावं आणि फोनला हात लावू नये. शेवटची अट सर्वात अवघड.

खरं तर एवढं ओझं वाहायची गरजच नसते. जेमिनाय व्हिडिओतून साधारणपणे सेकंदाला एक चौकट उचलतो. सेकंदाला ६० चौकटींनी घेतलेल्या एका मिनिटात ३६०० चौकटी असतात, त्यातल्या साठ त्याच्या नजरेला पडतात. बाकीचं आपण हौसेने पाठवतो. कामाची पाच मिनिटं कापून ७२०पीवर, म्हणजे कमी स्पष्टतेवर, आणली तर मिनिटाला ४० एमबी, एकूण २००, आणि त्याच वेगाने पाच मिनिटं वीस सेकंदांत काम होतं. संगणक हाताशी असेल तर हँडब्रेक या व्हिडिओ लहान करणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमधली 'फास्ट ७२०पी३०' ही तयार मांडणी पुरते. नसेल तर घरगुती उपाय: व्हिडिओ व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायचा, डॉक्युमेंट म्हणून नव्हे, व्हिडिओ म्हणून, आणि आलेला पुढे द्यायचा. एरवी व्हॉट्सॲप चित्राची रया घालवतं म्हणून आपण बोटं मोडतो, इथे तेच हवं असतं.

राहिला तिसरा प्रकार, झाकण न उघडणारा. मराठी स्वयंपाकघरात वाढलेल्याला हा समजावून सांगावा लागू नये. फळीवर 'साखर' लिहिलेल्या डब्यात हरभऱ्याची डाळ आणि 'चहा'त मेतकूट. बडोद्यात त्यावर आणखी एक थर असतो: डब्यावर कोरलेलं नाव आपलं नसतंच. शिरोरेघ नसलेली गुजराती अक्षरं, कुणा शेजाऱ्यांच्या लग्नातली भेट, उत्तरायणाला उंधियू घालून आलेला आणि इथेच राहिलेला. खाऊ शोधणाऱ्या पोराने टाचा उंचावून एकेक झाकण उघडायचं आणि वास घेऊन ठरवायचं.

एमपी४ किंवा एमओव्ही हे असंच डब्यावरचं नाव. आत व्हिडिओ कुठल्या पद्धतीने भरलाय ती गोष्ट वेगळी. जुनी एच.२६४ पद्धत २००३ची, ती जवळजवळ सगळीकडे उघडते. एच.२६५ २०१३ची; २०१७च्या आयओएस ११पासून आयफोन तीच आपणहून वापरतो, आणि ती सगळ्यांना उघडता येतेच असं नाही. फाइलचं नाव बदलून एमओव्हीचं एमपी४ केलं, तर 'साखर' पुसून 'डाळ' लिहिलं एवढंच. पुढच्या वेळेसाठी आयफोनवर सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, मोस्ट कम्पॅटिबल, म्हणजे चित्रण जुन्याच पद्धतीने होतं. आणखी एक: बरेच फोन फाइलची अनुक्रमणिका चित्रण संपल्यावर, सर्वात शेवटी लिहितात. मध्येच फोन बंद पडला किंवा कॉपी अर्धवट झाली तर एमबी भरपूर दिसतात आणि उघडत काहीच नाही. आधी गॅलरीत लावून शेवटची दहा सेकंदं बघून घ्यावीत.

काकूंनी मधल्या वेळात चॅटबॉटलाच विचारलं होतं, का रे बाबा अडलं? त्याने नम्रपणे सात कारणं दिली. पण फाइल नेणारं ॲप वेगळं आणि बोलणारा वेगळा. जी टपाल दारापर्यंत आलीच नाही तिच्याबद्दल तो माजघरातून अंदाज सांगत होता. याहून वाईट म्हणजे न पाहिलेल्या व्हिडिओचं वर्णनही कधीकधी बेधडक करतो. व्हिडिओ गेल्यावर आधी विचारावं: २ मिनिटं १० सेकंदांना ताटात काय आहे? उत्तर आपण सुचवायचं नाही.

चार मिनिटं चाळीस सेकंदांचा तुकडा शेवटी गेला. कृती आली, छान मुद्देसूद. तीळ: १ चमचा. काकूंची मूठ त्या दोन चौकटींच्या मधे कुठेतरी उघडून मिटली असणार.

भाकरवड्या मात्र त्या गुजराती अक्षरांच्या डब्यात आल्या. डबा मूळचा कोणाचा ते आता कोणालाच आठवत नाही, आणि रिकामा परत द्यायचा नसतो.