पाटण कुठलं, कराड कुठलं

मी कोरेगाव तालुक्यातल्या एका शाळेत तिसरीला शिकवते. आपल्या सातारा जिल्ह्याचा नकाशा आला की अकरा तालुके अकरा रंगांत रंगवायचे आणि खाली रंगांची सूची द्यायची, अशी सरावपत्रिका मी हौसेनं करायचे. एका वर्षी एका मुलानं पाटणच्या जागी कराड लिहिलं. परत बघ म्हटलं, तर परत तेच. "लक्ष कुठंय तुझं?" म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर रागावले, त्याचं अजून वाईट वाटतं. पाटण हिरवं होतं, कराड तांबडं, आणि त्याला दोन्ही सारखेच मातकट दिसत होते.

त्याची आई भेटायला आली तेव्हा म्हणाली, "बाई, माझ्या भावाचंबी असंच हाय. टोमॅटो पिकलाय का ते हातानं दाबून बघतो." डॉक्टरांनी ठिपक्यांची चित्रं दाखवून तपासलं, तर मामासारखाच रंगदोष निघाला. तो एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून मुलींपेक्षा मुलांत जास्त. साध्या चष्म्यानं तो जात नाही.

नकाशा नव्यानं केला. तालुक्याचं नाव त्याच्याच जागेत लिहिलं, सीमा जाड काळ्या केल्या, शेजारच्या तालुक्यांत एकात तिरक्या रेषा, एकात ठिपके. सूची काढूनच टाकली. जुना नकाशा झेरॉक्सवाल्याकडे काळ्या-पांढऱ्यात काढून पाहिला, तर पाटण आणि कराड एकाच राखाडी डागात गेलेले. तेव्हापासून प्रत्येक पत्रिका आधी अशी काढून बघते. झेरॉक्समध्ये जे कळत नाही ते नुसत्या रंगाच्या भरवशावर आहे, असं धरून चालते.

त्याच वर्गात एका मुलीला खूप कमी दिसायचं. तिच्यासाठी मी पत्रिका नुसती मोठी करून आणली, तर कागद बाकावर मावेना आणि पुसट अक्षरं मोठी होऊन पुसटच राहिली. मग मूळ फाइलच बदलली. १२ पॉइंटचं अक्षर १८ केलं, वळणदार फॉन्ट सोडून 'मुक्त' हा साधा फॉन्ट घेतला. आपल्या लिपीत अक्षराच्या वर-खाली किती काय असतं! ओळी दाटल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत शिरतो, अनुस्वार पुसला की 'चिंता'ची 'चिता' होते, 'घर'चं 'धर' होतं. म्हणून ओळींतलं अंतर दीडपट ठेवलं. पिवळी शीर्षकं काळी केली. अक्षर आणि कागद यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ हवं असतं. पांढऱ्यावर पिवळं जेमतेम १ च्या वर जातं.

माझ्या जुन्या फाइल मोबाइल तिला वाचून दाखवू शकत नव्हता. त्या जुन्या फॉन्टमध्ये दिसायला मराठी असलं तरी आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, त्यामुळे भलतंच ऐकू यायचं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत असतो, म्हणून सगळं त्यात परत टंकलं, दिवाळीची सुट्टी त्यातच गेली.

चित्रांनाही वर्णन जोडलं. माहुलीच्या चित्राला लिहिलं, 'इथे वेण्णा नदी कृष्णेला मिळते.' तिनं ते ऐकलं आणि विचारलं, "बाई, वेण्णा कुठनं येती?" चित्रात ते बाकीच्यांना दिसत होतं, मी मात्र लिहिलंच नव्हतं. त्याच दिवशी फाइलमध्ये 'पश्चिमेकडून' हा शब्द घातला.