काकूंची तीन क्रेडिट्स

फेब्रुवारी २०२६. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या माझ्या छोट्या टॅक्स ऑफिसात काकू-काका आले. ओक ट्री रोडवर साडी घेणाऱ्या निम्म्या बायका फॉल-पिको आणि ब्लाउज काकूंकडेच देत असाव्यात. वय ६६. मुलाकडे राहतात, तळघरात शिवणाचं मशीन. हिशेब वहीत, आणि वही इतकी स्वच्छ की माझे पगारदार ग्राहक लाजतील.

"अगं, नफा जरा कमी दाखव ना, टॅक्स वाचेल," काकांनी सुरुवात केली.

"त्याला हात लावायचा नाही," काकू म्हणाल्या. "यंदा माझी चाळीस भरतात."

सोशल सिक्युरिटी म्हणजे अमेरिकेची सरकारी पेन्शन, आणि ती मिळायला कमाईवर जमणारी चाळीस क्रेडिट्स लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार. २०२५ साली एका क्रेडिटला १,८१० डॉलर लागले, म्हणजे चारांना ७,२४०. ती रक्कम वर्षभर विखुरलेली असो की एका महिन्यातली, फरक पडत नाही. मात्र स्वतःच्या धंद्यात नफ्याचे ९२.३५ टक्केच धरतात, म्हणून नफा साधारण ७,८४० हवा. काकूंचा होता ९,१००. छान.

मग त्यांचं खातं उघडलं आणि मी गप्प झाले. २०१६ ते २०२४ अशा नऊ वर्षांची ३६ हवीत, तिथे ३३ होती. २०२३ साली एकच. त्या वर्षी काकू भाचीच्या लग्नासाठी तीन महिने पुण्यात होत्या आणि आल्यावर ओव्हरलॉक मशीन घेतलं. एकूण जमा ११,४०० डॉलर, नफा फक्त २,९००. रिटर्न दुसऱ्या कुणी भरलेलं, हिशेबात चूक नव्हती. फक्त क्रेडिटांकडे कुणी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे सदतीसच?" काकूंनी वही मिटली.

"आणि माझी पिंपरीच्या कारखान्यातली एकतीस वर्षं?" काकांनी विचारलं. दरवर्षी हा प्रश्न मला कुणीतरी विचारतंच. ती इथे धरत नाहीत. भारत आणि अमेरिकेत तसा करार नाही.

काकूंची पेन्शन तशी तुटपुंजीच असणार. खरा प्रश्न मेडिकेअरचा, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी आरोग्यविम्याचा. चाळीस भरली की हॉस्पिटलचा भाग फुकट, आणि काकूंच्या जोरावर काकांनाही. तीस ते एकोणचाळीसमध्ये अडकलात तर २०२६ चा हप्ता माणशी महिना ३११ डॉलर. दोघांचे ६२२.

तेव्हा मला शेड्यूल एसईचा, म्हणजे स्वतःच्या धंद्यावरचा सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर टॅक्स मोजायच्या फॉर्मचा, तो मागचा भाग आठवला, जो आम्ही वर्षानुवर्षं उघडत नाही. नफा कमी असलेल्या वर्षी एकूण जमेच्या दोन-तृतीयांश रक्कम कमाई म्हणून धरता येते, त्या वर्षीच्या चार क्रेडिटांच्या मर्यादेपर्यंत. २०२३ ला ती मर्यादा ६,५६० होती. अट अशी की आधीच्या तीनपैकी दोन वर्षांत किमान ४०० डॉलरची खरी कमाई हवी, आणि आयुष्यात ही सवलत पाचदाच. काकू सगळ्यात बसत होत्या. भरलेल्या रिटर्नवरही पद्धत बदलता येते, १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून. फक्त धंद्याची कमाई सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत चढवायला वर्ष संपल्यापासून ३ वर्षं, ३ महिने, १५ दिवसच मिळतात. मी बोटांवर मोजलं, मग कॅल्क्युलेटरवर, मग पुन्हा बोटांवर. १५ एप्रिल २०२७. हाती वर्षाहून जास्त!

"पण काकू, २०२३ चा हा टॅक्स आधी ४१० डॉलर भरलाय. आता १,००४ होतील. वरचे ५९४ आणि थोडं व्याज खिशातून जाईल."

"जास्तीचा टॅक्स, तोही आपण होऊन?" काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी असा अर्ज करायला आलं नव्हतं, हेही खरं.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. वही उघडून मागच्या पानावर भागाकार मांडला. अस्तराच्या ब्लाउजचे ४५ डॉलर.

"चौदा ब्लाउज," त्या म्हणाल्या. "पाडव्याच्या गर्दीत निघतील. सही कुठे करू?"